चौकातली वाट

शेनिएर-ओक्ताव गावात कॉफी न पिणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे अझेली. तिथल्या पोराला दात यायच्या आधी कॉफीची चव कळते, आणि मरणाऱ्याच्या ओठांना शेवटचा ओलावा बहुतेक वेळा कॉफीचाच लागतो. अशा गावात ही बाई सेहेचाळीस वर्षं सकाळी कोमट दूध पीत आली होती. खेकडे धरणारा अड्रास भेटला की म्हणायचा, "अझेली, एकदा डॉक्टरला दाखव. तुझ्या अंगात रक्त नाही, नासलेलं दूध खेळतंय." ती हसायची. कोणी खरंच कारण विचारलं तर "पित्त होतं" म्हणून वाटेला लावायची.

पित्त वगैरे काही नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त तिच्या थोरल्या बहिणीला, ओदीलला. रोज सकाळी ओदील सगळ्यांच्या कपात कॉफी ओतायची आणि न बोलता एक कप दुधाचा बाजूला ठेवायची. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात अझेलीचं घर गेलं. नवरा तर त्याआधीच गेला होता, पोरबाळ नव्हतं. तेव्हापासून ती ओदीलच्याच घरी राहत होती. दोघी विधवा, एक स्वयंपाकघर, एक दूरदर्शन आणि दिवसभर कुरबुर. गावाला वाटे, बहिणी असाव्यात तर अशा.

त्याच वादळाने गावचं वाचनालयही उचलून नेलं होतं. जुने फोटो, जन्ममृत्यूची बाडं, सगळं खाऱ्या पाण्यात विरघळलं. मग उत्तरेकडच्या विद्यापीठाने हार्पर नावाची एक मुलगी पाठवली. म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हाताऱ्यांबरोबर मातीत जायच्या आत टिपून ठेवायच्या, हे तिचं काम. आठवणी हव्या होत्या जुन्या मोठ्या वादळाच्या, त्यातून कोण कसं निसटलं त्याच्या. त्या वादळाला सरकारने एका बाईचं नाव दिलं होतं. गावात ते नाव अजून कोणी घेत नाही. सवतीचं नाव टाळावं तसं टाळतात आणि नुसतं "ती" म्हणतात. ती आली त्या वर्षी. तिने नेलं तेव्हा.

हार्पर फ्रेंच शिकली होती पॅरिसला. तिचं फ्रेंच कसं स्वच्छ, इस्त्री केलेलं. इथलं फ्रेंच खाजणातलं, चिखलाच्या पायांनी घरात शिरणारं. इंग्रजीऐवजी ही भाषा बोलली म्हणून शाळेत अझेलीच्या पिढीने तळहातावर पट्ट्या खाल्ल्या होत्या. आता तीच भाषा ऐकायला शहरातून माणूस आलं, म्हणून म्हातारे हरखून गेले. घरोघरी ती आवाज टिपणारं यंत्र घेऊन बसली. अझेलीकडे तीनदा आली. तिन्ही वेळा अझेली म्हणाली, "माझ्याकडे काही नाही, पोरी. मी सगळं विसरले."

आणि आता पुस्तक छापून आलं होतं, इंग्रजीत. शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये त्याचा सोहळा होता. भिंतीला टेकवलेल्या टेबलांवर गम्बोच्या दाट रश्शाची पातेली, बटाट्याचं सॅलड, अंजिराचा केक. पंखे फिरत होते आणि गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते.

"माझा फोटो बघितलास?" अड्रास पुस्तक नाचवत अझेलीजवळ आला. "असा छापलाय की माझे खेकडेसुद्धा ओळख द्यायचे नाहीत."

"ते तशीही देत नाहीत. म्हणून तर पिंजऱ्यात सापडतात."

हार्पर उभी राहिली, चष्मा सावरला. "मी मिस ओदीलचं एक पान वाचणार आहे. या पानावर मी स्वतः रडलेय." आणि तिने वाचलं:

"आम्ही ट्रकमध्ये होतो. माझी बहीण आम्हाला वाढवणाऱ्या नानेनला आणायला गेली होती. समुद्राकडून कोणीतरी ओरडत आलं, पाणी येतंय. आम्हाला तिची आशा नव्हती. एक मिनिटभरही नाही. देवाने मला क्षमा करावी."

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. ओदीलचा मुलगा कर्ली, पंचेचाळीस वर्षांचा धिप्पाड गडी, टोपीने डोळे पुसत होता. अझेलीला वाटलं, म्हणजे ट्रकमध्ये बसून ही मला मेलेली समजत होती! बिचारी. तिने शेजारी बसलेल्या ओदीलच्या हातावर हात ठेवला. तो हात लाकडासारखा कडक होता.

"आता हेच मिस ओदीलच्या आवाजात ऐकू या," हार्पर म्हणाली.

"नको गं पोरी," ओदील झटकन उठली. "लोक जेवायचे आहेत. भात गार होईल."

"दोन मिनिटांचं आहे!" हार्परने कळ दाबली.

यंत्रातून ओदीलचा आवाज आला, घरातला, बारीक, पदराआडून बोलल्यासारखा. ट्रक आला, बहीण गेली, ओरडणारा माणूस आला. आणि मग तो शब्द आला. एस्पेरे.

पुस्तकातल्या फ्रेंचमध्ये एस्पेरे म्हणजे आशा करणं. पण शेनिएर-ओक्तावमध्ये त्या अर्थाने तो शब्द कोणी वापरत नाही. तिथे बसची एस्पेरे करतात, भात शिजण्याची एस्पेरे करतात, दारात उभं राहून शाळेतून येणाऱ्या पोराची एस्पेरे करतात. तिथे एस्पेरे म्हणजे वाट पाहणं, दुसरं काही नाही.

आम्ही तिची वाट पाहिली नाही, यंत्रातली ओदील म्हणाली. एक मिनिटही नाही.

तरुण मंडळी पुन्हा डोळे पुसायला लागली, त्यांना वाचलेलंच ऐकू आलं होतं. पण मागच्या बाकावरच्या पाचसहा म्हाताऱ्यांचे चमचे थांबले. अड्रासने मान खाली घातली आणि गम्बोत काहीतरी हरवल्यासारखा बघत राहिला. ओदील पाठमोरी, भाताचं झाकण हातात घेऊन उभी होती. ते झाकण ती ठेवतही नव्हती आणि उचलतही नव्हती.

ओदीलच्या रिकाम्या खुर्चीवर राहिलेला हात अझेलीने हळूच मांडीवर आणून ठेवला.

सेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. अझेली तेव्हा बावीसची. आई कधीच गेलेली, दोघी बहिणींना वाढवलं ते नानेनने. नानेन म्हणजे बाप्तिस्म्याला जिने कडेवर घेतलं ती धर्माची आई. तिचं घर समुद्राच्या बाजूला, ओकच्या झाडांच्या पलीकडे, अर्ध्या मैलावर. रेडिओवर निघा निघा चाललं होतं. ओदीलचा नवरा थेओ ट्रकमध्ये गाद्या टाकत होता. अझेली म्हणाली, "मी पळत जाते, नानेनला घेऊन येते. तुम्ही दुकानापाशी चौकात या. माझी वाट पाहा." एस्पेरे हाच शब्द तिने वापरला होता.

नानेन निघायला तयार, पण रिकाम्या पोटी घर सोडायला नाही. तिने कॉफी मांडली. तिकडची कॉफी घाईची नसते. चमचा चमचा उकळतं पाणी भुकटीवर घालत बसायचं, थेंब थेंब खाली पडू द्यायचा. अझेली चुळबुळत उभी होती. नानेनने तिच्याही हातात कप दिला. "पी. चौकात पोरं आहेतच की." आणि अझेली प्यायली. गरम होती म्हणून फुंकून फुंकून प्यायली.

चौकात पोचल्या तेव्हा ट्रक नव्हता.

मग पाणी आलं. दोघी ओकवर चढल्या. संध्याकाळी होडीवाल्यांनी अझेलीला उतरवून घेतलं, तेव्हा झाडावर ती एकटी होती.

ओदीलने नंतर सांगितलं ते तिला तोंडपाठ होतं. आम्ही पाऊण तास थांबलो. थेओ वळणापर्यंत चालत जाऊन बघून आला. भोंगा वाजवला. पाणी ट्रकच्या आसाला लागलं तेव्हा निघालो. अझेलीला मात्र आठवायचं की ती चौकात आली तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. पण भीतीत माणसाला काय नीट आठवतं? तिने आपल्या घोट्यांचं ऐकलं नाही, बहिणीचं ऐकलं. पाऊण तास ती माणसं थांबली आणि मी फुंकर मारत कॉफी प्यायले. एका कपापायी नानेन गेली. त्या दिवसापासून तिने कॉफीला तोंड लावलं नव्हतं.

सोहळ्याहून ती कर्लीच्या गाडीतून घरी आली. रविवारी सकाळी ओदीलने टेबलावर कॉफी ठेवली, बाजूला दुधाचा कप ठेवला. कर्ली अजून यायचा होता.

"बस. गार होतंय."

"किती वेळ थांबलात?" अझेलीने विचारलं.

"कुठे?"

"चौकात गं. किती वेळ?"

ओदील साखरेचा डबा उघडून बसली. "अझेली, या वयात आता..."

"पाऊण तास म्हणायचीस. थेओ वळणापर्यंत गेला म्हणायचीस. त्याच्या बुटांत पाणी शिरलं म्हणायचीस. बूटसुद्धा दाखवले होतेस मला!"

"बूट ओलेच होते."

"त्या दिवशी गावात कोणाचे कोरडे होते?"

ओदीलने चमचा खाली ठेवला.  मग म्हणाली, "थेओ थांबणार होता. त्याने इंजिन बंद केलं होतं. मी म्हटलं, चालू कर. माझ्या पोटात कर्ली होता. मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, चल."

"आणि तो निघाला."

"रडत निघाला."

"ते मला नको सांगूस. त्याच्या रडण्याने माझ्या झाडाखालचं पाणी उतरलं नाही."

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

"कोण जाणे," अझेली म्हणाली. "मीही पळाले असते. पाण्यापुढे कोण थांबतं? त्याचं मी काही म्हणत नाही, ओदील. पण पहिल्या वर्षी, याच घरात, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी म्हटलं होतं, मी कॉफी पीत बसले म्हणून नानेन गेली. आठवतं? तेव्हा तू काय केलंस?"

ओदीलच्या तोंडातून शब्द निघाला तो अगदी हळू. "तुझे केस विंचरले."

"विंचरलेस. छान विंचरलेस. वेणी घातलीस, रिबिन बांधलीस. आणि दुसऱ्या दिवशीपासून माझ्यासाठी दुधाचा कप ठेवायला लागलीस."

"सांगितलं असतं तर तू मला सोडून गेली असतीस. आई नव्हती, नानेन नव्हती. मला दुसरं होतं कोण?"

"आणि मला?"

बाहेर कुठेतरी बोटीचं इंजिन खाकरलं आणि बंद पडलं. ओदीलने ॲप्रनच्या टोकाने टेबल पुसलं, स्वच्छच असलेलं टेबल.

"मग त्या पोरीला का सांगितलंस?" अझेलीने विचारलं.

"तिला कळत नाही म्हणून." ओदीलने पहिल्यांदा मान वर केली. "पहिल्या पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, एस्पेरे म्हटलं की पोरगी पुस्तकातला अर्थ लिहिते. माणसाला एकदा तरी तोंडाने बोलून टाकावं लागतं गं. फादरला सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जा, बहिणीला सांग. ही पोरगी म्हणाली, थँक यू मिस ओदील, फार सुंदर. मला काय ठाऊक, ती सगळ्यांसमोर यंत्र वाजवेल!"

अझेलीला हसू आलं, आणि ते हसू तिचं तिलाच कडू लागलं. "म्हणजे मला कळू नये अशी सोय लावून खरं बोललीस."

"कर्लीला नको सांगूस," ओदील म्हणाली. "तो तुझाही आहे. तूच त्याची नानेन. त्याच्यासाठी पळाले हे त्याला कळलं तर तो कसं तोंड दाखवेल तुला? पुस्तकात आहे तसं राहू दे. लोक रडले, अझेली. चांगलं आहे ते वाक्य."

अझेलीने दुधाचा कप उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. मग खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मंगळवारी तिला वाचनालयात न्यायला अड्रास आला. त्याच्या ट्रकला खेकड्यांचा इतका वास की खिडक्या उघड्या ठेवूनही डोळ्यांत पाणी यावं. अर्ध्या वाटेत तो घसा खाकरून म्हणाला, "ऐकलं मी परवा. मागच्या बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं."

"बघितलं मी."

"पण आम्हाला नवीन नव्हतं ते." त्याने गाडी हळू केली. "आमची गाडी चौकातून गेली तेव्हा तिथे कोणी नव्हतं, अझेली. पाणी घोट्यालासुद्धा आलं नव्हतं अजून. तुम्ही दोघी यायच्या होतात. मला वाटलं होतं, तुला ठाऊक आहे."

अझेली सीटवर त्याच्याकडे वळून बसली.

"मला कसं ठाऊक असणार?"

"तू तिच्या पोराची नानेन झालीस. तिच्या घरी राहायला गेलीस. गावात आम्ही म्हणायचो, केवढं काळीज बाईचं, सगळं माफ केलं." त्याने स्टिअरिंगवर अंगठा घासला. "माझी बायको तर माझ्याशी भांडण झालं की तुझं उदाहरण द्यायची."

म्हणजे सेहेचाळीस वर्षं गाव तिला हात जोडत होतं ते तिने न दिलेल्या माफीसाठी. कोणी तिला विचारलं नव्हतं. तिच्या नावाने माफी देऊन सगळे मोकळे झाले होते, कॉफी पीत बसले होते. अझेलीला वाटलं, चौकात आपण दोनदा येऊन पोचलो, आणि दोन्ही वेळा तिथे कोणी नव्हतं.

"अड्रास," ती म्हणाली, "पुढे बघून चालव."

अग्निशामक केंद्राच्या बाजूला एका पत्र्याच्या गाड्यात आता वाचनालय होतं. हार्परने धावत येऊन दार उघडलं. "मिस अझेली! या ना, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नको. मला एक शब्द दुरुस्त करून हवाय."

तिने शब्दाचा अर्थ सांगितला. हार्परचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने पुस्तक उघडलं, पेन्सिलने पानं चाळली. "अरे देवा. अकरा ठिकाणी आहे. मी अकराही ठिकाणी आशा लिहिलंय."

अड्रास दारातून वाकून म्हणाला, "माझ्या पानावर काय आहे?"

"'गाडी पाण्यात सोडून, एका छपरावर बसून आम्ही पाच तास बोटीची आशा केली.'"

"पाच तास वाट पाहिली, बये! आशा पहिल्या तासातच संपली होती."

हार्पर हसली, आणि अझेलीच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. मग तिने ओदीलचं पान काढलं. मनातल्या मनात तिने शब्द बदलून बघितला. ते वाक्य तिला कळलं त्या क्षणी तिने पुस्तक मिटलं.

"मिस अझेली... मला ठाऊक नव्हतं."

"ते दिसतंय. बदल आता."

"नवीन छपाईत बाकीचे दहा मी लगेच बदलीन. पण हे पान मिस ओदीलचं आहे. त्यांच्या सहीशिवाय त्यांच्या आठवणीतला शब्द मला हलवता येत नाही, तसा करार आहे. त्या सही देतील?"

"नाही देणार."

हार्पर पेन्सिल बोटांत फिरवत राहिली. "आणि अजून एक. पुढच्या महिन्यात राजधानीत प्रदर्शन आहे. हे वाक्य मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावायचं ठरलंय. 'आम्हाला तिची आशा नव्हती.' फलक तयार झालेत. सगळ्यांना ते फार भिडलं."

"भिंतीवर," अझेली म्हणाली.

"मी विचारून बघते. पण मला खात्री नाही देता येत."

बाहेर अड्रासने सिगारेट पेटवली. पत्र्यावर ऊन तापत होतं. अझेली खुर्चीत जरा पुढे सरकली, पायांतल्या चपला तिने नीट जुळवून ठेवल्या. भिंतीवर जे लागायचं ते लागणार होतं. ओदीलचं ओदीलने सांगून टाकलं होतं, न समजणाऱ्या कानात. राहिलं होतं ते तिचं स्वतःचं.

"यंत्र लाव," ती म्हणाली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, सगळं विसरले."

"मी काहीच विसरले नव्हते, पोरी. मला वाटायचं, माझं आठवणं चुकीचं आहे."

हार्परने कळ दाबली, तारीख सांगितली, नाव सांगितलं. अझेलीने फ्रेंचमध्ये सुरुवात केली, खाजणातल्या, चिखलाच्या फ्रेंचमध्ये.

"आधी शब्द सांगते, म्हणजे घोटाळा नको. एस्पेरे म्हणजे काय? गाडीचं इंजिन बंद करायचं. खाली उतरायचं. ज्या रस्त्याने माणूस यायचं आहे त्या रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं. माणूस दिसेपर्यंत पाठ फिरवायची नाही. याला आम्ही एस्पेरे म्हणतो. मी तेवढंच मागितलं होतं. ते त्यांनी केलं नाही. आम्ही चौकात आलो तेव्हा पाणी माझ्या घोट्याएवढं होतं. लिही, घोट्याएवढं. माझे घोटे खोटं बोलत नव्हते."

मग तिने झाडाचं सांगितलं. आजवर ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पाणी कसं गुरासारखं ओरडत आलं. नानेनचा स्कर्ट फांदीला बांधला, तो कसा फाटला. माणसं मेली की नानेन त्यांच्यावर गाणी जुळवायची, गावात तिच्याइतकं कोणाला जमत नसे. त्या दिवशी फांदीला मिठी मारून, थंडीने दात वाजत असताना ती स्वतःशीच गुणगुणत होती:

पाणी आलं पायरीला, पाणी आलं उंबऱ्याला,
माझ्या लेकी थांबल्यात, सांगा जाऊन पाण्याला.

"लेकी म्हणायची आम्हाला. मी तिच्याजवळ होते, तरी लेकी म्हणायची. दुसरी चौकात होती ना तिच्या मनाने." अझेली थांबली. यंत्रावरचा लाल ठिपका जळत होता. "दुपारपर्यंत तिने धरून ठेवलं होतं. चांगलं घट्ट धरलं होतं. पाणी थोडं उतरायलाही लागलं होतं. मग ती म्हणाली, ऐक, भोंगा वाजतोय. कुठला भोंगा, वारा होता तो. म्हणाली, थेओ बोलावतोय. ओदील पोटुशी आहे, पावसात उभी असेल बिचारी आपल्यासाठी. किती वेळ ताटकळत ठेवायचं लोकांना? मी म्हटलं, नानेन, धर. ती म्हणाली, तू सावकाश ये, मी पुढे होऊन सांगते त्यांना. आणि तिने एक एक करून हात सोडवले, जिना उतरावा तशी उतरली."

हार्परची पेन्सिल थांबली होती.

"ती दमली म्हणून गेली नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, भ्रम झाला म्हाताऱ्या जिवाला. भ्रम काही नव्हता. तिला सांगितलं होतं की माणसं थांबली आहेत, आणि तिने ते खरं मानलं. मीच सांगितलं होतं तिला; चौक रिकामा दिसला तेव्हाही म्हटलं, इथेच कुठेतरी थांबले असतील. मीही खरं मानलं होतं."

पेन्सिल पुन्हा वहीवर आली. मग हार्परने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "नानेननी शेवटी नेमका कोणता शब्द वापरला, मिस अझेली? 'ओदील आपल्यासाठी...'"

"एस्पेरे."

हार्परने वहीत काहीतरी लिहिलं, वही फिरवून तिच्यासमोर धरली. अझेलीला इंग्रजी सावकाश वाचता यायचं. तिने चष्मा लावला, अक्षरांवर बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेली. वाट पाहते आहे, असं लिहिलं होतं.

"हं," ती म्हणाली. "आता माझं नाव घाल खाली. आणि ओदीलचंही घाल, पूर्ण नाव. कोणाला शंका नको, कुठली ओदील."